मुलींना प्रोग्रामिंगकडे वळवायचं तर आधी पहिला वर्ग बदला

(‘शून्यापासून’, ‘कळफलक’ आणि ‘रात्रपाळी’ या टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा.)

शून्यापासून:
मुलींनी तंत्रज्ञानात यावं म्हणून भाषणं होतात, फलक लागतात, एक दिवसाची कार्यशाळा होते. त्यातून आलेला उत्साह प्रोग्रामिंगच्या पहिल्या सत्रातच मावळतो, कारण तिथला वेग आधीच कोड लिहून आलेल्या चार-पाच जणांवरून ठरतो. पैसा आणि माणसं या पहिल्या सत्रात घाला, असा माझा आग्रह आहे.

अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजात २००६ च्या सुमारास संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली साधारण १० टक्के होत्या. तिथे पहिल्या अभ्यासक्रमात जावा या प्रोग्रामिंग भाषेऐवजी पायथन ही भाषा आणली, अनुभवी आणि नवख्यांच्या तुकड्या वेगळ्या केल्या, पहिल्याच वर्षी मुलींना ग्रेस हॉपर या संगणक क्षेत्रातल्या महिलांच्या परिषदेला नेलं, उन्हाळ्यात संशोधनाचं काम दिलं. काही वर्षांत प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास गेलं.

कळफलक:
वेगळी तुकडी म्हणजे 'कच्च्यांचा वर्ग' हा शिक्का. शिवाय अशा निवडक कॉलेजात आलेली मुलगी गणितात आधीच पक्की असते. बाकीच्या मुली विषय निवडतानाच, तेराव्या-चौदाव्या वर्षी, बाजूला होतात.

अजून एक. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदव्यांत मुलींचा वाटा १९८४ च्या सुमारास ३७ टक्के होता. २०१० पर्यंत तो १८ टक्क्यांच्या आसपास घसरला. १९८४ साली कुणी तुकड्या पाडत नव्हतं. मग घसरणीचं कारण वर्गात कसं शोधता?

शून्यापासून:
कारण बाहेरून आलं, मान्य. ऐंशीच्या दशकात घरगुती संगणक आले आणि जाहिरातींनी ते मुलग्यांची वस्तू म्हणून विकले. त्याआधी बहुतेक सगळेच कोऱ्या पाटीने यायचे. नंतर काहींकडे घरचा सराव आला आणि शिकवणाऱ्यांनी तो सगळ्यांकडे गृहीत धरला. बाहेरची दरी अशी वर्गात आली, म्हणून ती वर्गात बुजवता येते. तुकड्या मुलगा-मुलगी बघून पाडायच्या नाहीत, अनुभवावरून पाडायच्या. शेवटची परीक्षा एकच ठेवली की शिक्काही टिकत नाही.

प्रत्यक्षात काय करायचं ते सांगते. पहिल्या दिवशी काहीही इन्स्टॉल करायला लावू नका, ब्राउझरमध्येच कोड लिहून चालवता येणारं नोटबुक द्या. पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचा तो पत्ता) चुकीचा लागून पायथन सापडलीच नाही, तर नवख्या मुलीला वाटतं की आपल्याला प्रोग्रामिंग जमत नाही. तो दोष तर प्रोग्रामिंगचा नसतोच. दुसऱ्या तासाला मुद्दाम बिघडवलेला दहा ओळींचा कोड द्या: एक कंस उघडाच राहिलेला, एक इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) चुकलेलं, एका व्हेरिएबलचं (किंमत साठवणाऱ्या नावाचं) स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं. एरर संदेश शेवटच्या ओळीपासून वर वाचायला शिकवा. उघडा कंस राहिला की पायथनच्या जुन्या आवृत्त्या बहुधा पुढच्या ओळीकडे बोट दाखवतात, हेही तिथेच सांगून टाका. चूक येणं हा कामाचा रोजचा भाग आहे, हे पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पडलं पाहिजे.

जोडीने काम द्या, दर १५ मिनिटांनी टाइप करणारी व्यक्ती बदला. जोडी सारख्या अनुभवाची हवी. नाहीतर एकजण टाइप करत राहतो, दुसरी बघत राहते आणि गुण दोघांना सारखेच पडतात. शिक्षकाला पत्ताही लागत नाही.

रात्रपाळी:
तुम्ही दोघं दाराशीच भांडताय. आत आलेल्या बायका का निघून जातात, यावर कुणीच बोलत नाही. पुढे टिकता येत नसेल, तर मुलींना या क्षेत्रात यायला सांगणं मला अर्धवट वाटतं.

मुलाखतीपासून सुरुवात करा. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, गुणांचा तक्ता आधी ठरलेला, आणि प्रत्येक मुलाखतकाराने चर्चेआधी आपले गुण लिहून द्यायचे. जुन्या भरतीवर शिकलेलं यंत्र जुनाच पक्षपात शिकतं. ॲमेझॉनच्या अंतर्गत चाचणीतलं एक साधन बायोडेटात 'महिलांचा' असा उल्लेख दिसला की गुण कापत होतं. २०१८ साली ही बातमी आली, तोवर कंपनीने ते बंद केलं होतं.

मग कामाची वाटणी. बैठकीच्या नोंदी, चाचण्यांचे तक्ते, नव्या लोकांची व्यवस्था ही कामं त्याच दोघींकडे जातात का, हे तीन महिन्यांच्या टिकिटांवरून, म्हणजे कुणाला कोणतं काम दिलं त्या नोंदींवरून, कळतं. बढतीच्या वेळी डिझाइनचं काम कुणी केलं एवढंच बघतात. प्रसूतिरजेनंतर परत येणारीचं लॉगिन बंद झालेलं असतं, लायब्ररींच्या (वापरायच्या तयार कोडच्या) आवृत्त्या बदललेल्या असतात, बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणं) चालत नाही. पहिले दोन आठवडे तिला फक्त मशीन लावणं, एक छोटा बग आणि रोज तासभर सोबतीला एक सहकारी एवढंच द्या. रात्रीच्या ऑन-कॉलचं (बिघाड झाला तर हजर राहायच्या पाळीचं) वेळापत्रक महिनाभर आधी लावा, अदलाबदलीला वरिष्ठांची परवानगी लागू नये. यातल्या बऱ्याचशा गोष्टींना पैसे लागत नाहीत.

कळफलक:
रात्रपाळी, टिकिटांचा मुद्दा पूर्ण पटला. शून्यापासून, जोडीचंही पटलं. वयाचं मात्र पटलेलं नाही. शाळेत प्रोग्रामिंग ऐच्छिक असलं की बहुतेक आधीच येणारेच नाव घालतात, म्हणजे तुमचे ते चार-पाच जण तिथेच तयार होतात. तो तास सक्तीच्या वेळापत्रकात, गणित-विज्ञानात घाला: रोपांची उंची आठ दिवस मोजा, सरासरी आणि आलेख कोडने काढा. कार्यशाळा घ्यायचीच असेल तर त्याच दिवशी पुढच्या सहा तासिकांच्या तारखा ठरवा आणि मधल्या काळात शाळेची प्रयोगशाळा उघडी ठेवा. घरचा एकच संगणक भावाच्या ताब्यात असेल, तर पहिल्या दिवशी शिकलेलं आठवड्याभरात विसरलं जातं.

शून्यापासून:
सक्तीच्या तासाला माझा विरोध नाही, फक्त तो शिकवणार कोण हे आधी ठरवा. गणिताच्या शिक्षकांना सुट्टीत दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन भागणार नाही. निदान पहिलं वर्षभर प्रत्येक तासाला वर्गात दुसरी जाणती व्यक्ती हवी, कारण एकाच वेळी बारा पडद्यांवर बारा वेगवेगळ्या चुका येतात.