मदत हवी आहे: कोजागिरीला एकच गेट आणि ३००० पास

नमस्कार मंडळी. लोअर परळला आमच्या चाळींचं जुनं मंडळ आहे, यंदा चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलंय. कोजागिरीला मैदानात ऑर्केस्ट्रा आणि नंतर मसाला दूध, हा दरवर्षीचा बेत. बंदोबस्ताचा विचार करायला कोणी कधी बसलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका मालिकेतली पाहुणी आली. तिची गाडी गेटपाशी थांबली आणि नेमकं तेव्हाच गेटलगतच्या टेबलावर दूध वाटायला घेतलं. आतले तिला बघायला बाहेर, बाहेरचे दुधासाठी आत. पाच-सात मिनिटांचा प्रकार. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, असं कमिटी अजून छाती काढून सांगते. पण सकाळी मैदान झाडायला मी होतो. गेटच्या आत चपलांचा खच पडला होता, सिमेंटची एक गोणी भरली. बहुतेक चपला एकेकट्या. त्यात लहान पोराची एक, चालताना पीं-पीं वाजते तसली. चप्पल सुटली की माणूस वाकून उचलतोच. इथे वाकायलाही जागा नव्हती.

यंदा सुरक्षेसाठी ६० हजार काढलेत. कमिटीला त्यात स्टेजसमोर १० बाउन्सर हवेत, काळ्या टी-शर्टातले. पाहुणे कोण ते ठरलेलं नाही, बाउन्सर ठरलेत!

मी टेप घेऊन मोजून आलो. मैदान ४० बाय २५ मीटर, स्टेज-साउंड-जनरेटर वजा जाता मोकळी जागा साधारण ७०० चौरस मीटर. गेट २.४ मीटर, पण त्याची एक झडप कायम बंद, कारण तिच्यामागे स्कूटर लावतात. पास छापतो ३०००. किती छापावेत? दूध कुठे वाटावं? आणि हे पैसे बाउन्सरवरच घालायचे का?

प्रतिसाद १

फायर सेफ्टीत काम करतो म्हणून लिहितो. ७०० चौरस मीटरला ३००० म्हणजे मीटरला चाराहून जास्त माणसं. पाचाच्या पुढे गेलं की माणूस आपल्या मनाने हलत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. चेंगराचेंगरीत बरेच जण पायाखाली येऊन नाही, उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन गुदमरतात. त्यामुळे 'कोणी पडलं नाही' यावर खूश होऊ नका. मीटरला दोन धरा, १४०० पास.

आता गेट. सपाट जागेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ८२ माणसं बाहेर पडतात, हा इंग्लंडातल्या स्टेडियमवाल्यांचा हिशेब. तुमच्या अर्ध्या गेटातून १४०० जणांना १४ मिनिटं लागतील, दोन्ही झडपा उघड्या असतील तर सात. कडेवरची पोरं आणि आज्या धरल्या तर दोन्ही आकडे वाढवा. आधी स्कूटर हलवा, त्याला काही ६० हजार लागत नाहीत.

प्रतिसाद २

पोलीस खात्यातून निवृत्त आहे. तुमच्या पुढच्याच स्टेशनावर २९ सप्टेंबर २०१७ ला काय झालं ते परळकरांना सांगायला नको. एल्फिन्स्टनच्या (आताच्या प्रभादेवीच्या) पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. तिथे ना सभा होती, ना पाहुणा. पाऊस आला, लोक जिन्यावरच थांबले आणि मागून लोकल रिकाम्या होत राहिल्या. कोणीतरी 'फूल गिर गया' म्हणालं ते 'पूल गिर गया' असं ऐकू गेलं, अशाही बातम्या तेव्हा आल्या होत्या. कोजागिरीला परतीचा पाऊस येऊ शकतो. तेव्हा माइकवर कोण, काय बोलणार ते आधी लिहून ठेवा. 'घाबरू नका' हे तर मुळीच नको, त्यानेच माणूस घाबरतो. 'डावीकडच्या दाराने सावकाश निघा' एवढं पुरे.

पोलीस ठाण्याला अर्ज महिनाभर आधी द्या, ट्रॅफिकवाल्यांना वेगळा. खासगी गार्ड घ्यायचे तर परवान्याची एजन्सी घ्या, २००५ पासून तसा कायदाच आहे. आणि रात्री १० ला स्पीकर बंद. तुमचं दूध किती वाजता?

धागाकर्ता

काका, दूध बाराला. चंद्र डोक्यावर आल्याशिवाय दूध प्यायचं नाही यावर आमच्याकडच्या काकू ठाम आहेत. म्हणजे सगळ्यात जास्त ढकलाढकली होणार ती स्पीकर बंद असताना, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

प्रतिसाद ३

इव्हेंटवाली आहे, स्टेजमागेच आयुष्य गेलं. दादा, बाउन्सर पाहुण्याला सांभाळतात, पब्लिकला नाही. चार पुरेत. गेटवर तुमचीच पोरं उभी करा, लोक त्यांना नावाने ओळखतात आणि ऐकतात. दोघांच्या हातात मोजणीचं क्लिकर द्या, १४०० झाले की आत घेणं बंद. दूध गेटपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, चार टेबलं, मध्ये अंतर ठेवून. पाहुणी मागच्या बाजूने आणा. मागे दार आहे का? आणि पौर्णिमेचा चंद्र आहे तो, दहालाही दिसतो. काकूंना सांगा, साडेनऊला नैवेद्य दाखवून वाटायला घ्या. ज्यांना बारालाच प्यायचंय त्यांनी गॅलरीत बसून प्यावं.

धागाकर्ता

ताई, काका, सगळ्यांचे आभार. मागे दार आहे, चाळीच्या जिन्याकडे निघतं. किल्ली एका आजोबांकडे सापडली, कुलूप निघालं, पण बिजागऱ्या गंजल्यात आणि दार वीतभरच उघडतं. शनिवारी वेल्डर येतोय. पास १४०० वर आले, बाउन्सर चारवर. स्कूटरवाले दोघे तयार झाले, तिसरा कमिटीचा खजिनदार आहे, त्याच्याशी आज रात्री बोलतो. दुधाच्या वेळेवरून काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत.