अन्नसुरक्षा की अन्नसुरक्षितता? आणि 'फायटोसॅनिटरी'चं काय करायचं?

अर्धविराम: एक पुस्तिका मराठीत करतेय. विषय असा की शेतमाल एका देशातून दुसऱ्या देशात जायचा तर वनस्पती, जनावरं आणि अन्न या तिन्हींची तपासणी यंत्रणा बळकट कशी करायची. फूड सेफ्टीला मी सरळ अन्नसुरक्षा लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी लाल खूण करून पाठवलं की अन्नसुरक्षा म्हंजे फूड सिक्युरिटी, इथे अन्नसुरक्षितता हवं. मी तर दोन्हीला अन्नसुरक्षाच ऐकत आलेय. आणि त्याच पानावर सॅनिटरी अँड फायटोसॅनिटरी मेझर्स आहे, त्याचं आधीच कुणीतरी 'स्वच्छता व पादपस्वच्छता उपाय' करून ठेवलंय. काय वापरता तुम्ही लोक?

जुनाट: बाईंचं बरोबर आहे. एकात प्रश्न पोट भरेल का हा, दुसऱ्यात पोट बिघडेल का हा. समजा धान्यात बुरशीचं विष सापडलं म्हणून जहाज बंदरात अडवलं, ते सेफ्टीसाठी. आणि ते धान्य पोचलं नाही म्हणून तिथल्या लोकांची सिक्युरिटी धोक्यात. आता हे एकाच शब्दात लिहून दाखवा.

कोपरखळी: 'अन्नसुरक्षेसाठी जहाज अडवल्याने अन्नसुरक्षा धोक्यात.' झालं की. छापूनही येईल आणि कुणाला काही वाटणार नाही.

निरुक्तप्रेमी: सुरक्षितता हा शब्द मुळात नकोच, सुरक्षित ला ता लावून बनवलेला, उच्चारताना जीभ अडखळते. 'निर्धोक अन्न' म्हणा की. पादप मात्र सुंदर शब्द आहे, त्याला हसू नका. पायांनी पितो तो पादप, म्हंजे मुळांनी पाणी पिणारा. किती नेमकं!

कोपरखळी: काका, शब्द सुंदर असेल पण एकदा प्रशिक्षणात 'पादपस्वच्छता' मोठ्याने वाचून दाखवली होती, पहिल्या दोन अक्षरांनाच मागच्या रांगेत जे हसू फुटलं ते चहापर्यंत थांबलं नाही.

बंदरवाला: पादप वगैरे राहू द्या, आमच्याकडे मालाबरोबर लागणाऱ्या वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याला सगळे 'फायटो' म्हणतात. फायटो आली का, फायटोवर तारीख चुकलीय, फायटो परत काढा. आता तर बऱ्याच देशांत इ-फायटो, म्हंजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक दाखला, सुरू झालीय. दाखला म्हटलं तर समोरचा विचारतो कसला दाखला, फायटो म्हटलं की काम पुढे सरकतं.

जुनाट: फायटो म्हंजे ग्रीकमधे नुसतं झाड हो. 'झाडावर तारीख चुकलीय' असं म्हणताय तुम्ही!

बंदरवाला: म्हणतोय. आणि सगळ्यांना समजतंय.

रानवारा: खरी चूक 'स्वच्छता' मधे आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलतच नाहीये. सॅनिटरी म्हटलं की आपल्याला फिनेल आठवतं, पण मूळ लॅटिन सॅनिटास म्हंजे आरोग्य. सॅनिटोरियम त्याच घरातलं, तिथे लोक काय झाडू मारायला जायचे का? 1995 पासून लागू झालेला जागतिक व्यापार संघटनेचा एसपीएस, म्हंजे याच सॅनिटरी अँड फायटोसॅनिटरी उपायांचा, करार उघडून बघा, त्यात माणसाचं, जनावराचं आणि वनस्पतीचं जीवन किंवा आरोग्य राखण्यासाठी केलेले उपाय अशीच व्याख्या आहे. माल चकाचक धुतलेला असला तरी आत अळी असेल तर तो परत जाणार. म्हणून 'आरोग्य व वनस्पती-आरोग्य उपाय', आणि पुढे सगळीकडे एसपीएस. याच कराराने तीन संस्थांची मानकं आधार म्हणून धरलीत, अन्नासाठी कोडेक्स, वनस्पतींसाठी आयपीपीसी, जनावरांसाठी पॅरिसची ओआयई, जिला 2022 पासून डब्ल्यूओएएच म्हणतात.

गोठेकर: ओआयईचा विषय निघाला म्हणून सांगतो, ती संस्था जन्माला आली बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या रोगामुळे. 1920 साली भारतातून ब्राझीलला निघालेली जनावरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरवली आणि तिथे बुळकांडी पसरली, मग देश हादरले आणि 1924 मधे संस्था उभी राहिली. 2011 साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं, देवीनंतर असा हा दुसराच रोग. आता पुस्तिकेत 'रिंडरपेस्ट' लिहू नका म्हंजे झालं. बुळकांडी, लाळ्या खुरकूत, असले शब्द आपल्याकडे तयार असताना लोक इंग्रजी नावं का लिहितात तेच कळत नाही.

निरुक्तप्रेमी: अगदी! आणि क्वारंटाइन सुद्धा नको. विलग्नवास हा घडवलेला का होईना पण आपला शब्द आहे. क्वारंटाइन म्हंजे चाळीस दिवस, कारण पूर्वी रोग कळायला चाळीस दिवस लागायचे.

जुनाट: कारण ते नव्हे. रागुसा म्हंजे आजचं दुब्रोवनिक, तिथे 1377 मधे प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना आधी तीसच दिवस बाहेर ठेवायचे, चाळीस नंतर झाले. आणि रोपाला 'वास' कसला? माणूस वास करतो. रोपाला विलगीकरण पुरे.

अर्धविराम: मंडळी, अन्नसुरक्षितता लिहू का निर्धोक अन्न? बळकटीकरण पण आहे शीर्षकात, तेही खटकतंय.

बंदरवाला: ताई, बळकटीकरण म्हंजे नक्की काय ते आत लिहा, शीर्षक कसंही चालेल. प्रयोगशाळेचा अहवाल समोरचा देश मानेल का, कीड आहे की नाही हे बघायला शेतात कुणी फिरतं का. सर्वेक्षणच नसेल तर 'कीडमुक्त क्षेत्र' हा दावा कोण मानणार? दिसली नाही आणि नाहीच आहे यात फरक आहे. एकदा आमचा माल उत्तम होता पण खालच्या लाकडी पॅलेटवर शिक्का नव्हता, म्हणून अख्खा कंटेनर अडकला. लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवलं की एचटी (हीट ट्रीटमेंट) असा शिक्का बसतो, तो नसला तर आतला माल कुणी बघत पण नाही.

रानवारा: 'कीडमुक्त' वर माझा आक्षेप आहे. आयपीपीसीच्या व्याख्येत पेस्ट म्हंजे वनस्पतीला अपाय करणारं काहीही, बुरशी, विषाणू, अगदी तण सुद्धा. कीड म्हटलं की अळ्या-किडे एवढंच डोळ्यासमोर येतं. 'पीडक' हवं.

गोठेकर: दाताला लागते ती काय अळी असते का? मराठीत कीड आधीपासूनच ऐसपैस आहे राव. पीडक म्हंजे सावकार वाटतो.

रानवारा: दाताचं ठीक, पण तणाला कुणी कीड म्हटलेलं ऐकलंय? बरं मग 'रेग्युलेटेड नॉन-क्वारंटाइन पेस्ट' करून दाखवा. म्हंजे देशात आधीपासून असलेली, पण लागवडीच्या रोपांतून आली तर परवडणार नाही इतकं नुकसान करते म्हणून तिच्यावर नियम लावलेले.

निरुक्तप्रेमी: नियमित बिगर-विलग्नवासी कीड.

कोपरखळी: नियमित म्हंजे रोज येणारी का?

निरुक्तप्रेमी: बरं, नियंत्रित.

जुनाट: नियंत्रित म्हंजे आटोक्यात आलेली. मग नियम कशाला लावायचे तिच्यावर?