मदत हवी आहे: प्रसूतिगृहासमोर टॉवरचा जनरेटर, विकास आराखड्यावर हरकत कशी लिहावी?

नमस्कार मंडळी,

आमचं तालुक्याचं गाव, लहान नगरपरिषद. घरासमोर प्रसूतिगृह, त्याला लागून शाळा. गेल्या वर्षी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाईल टॉवर उभा राहिला आणि खाली बोळात त्याचा डिझेल जनरेटर बसला. टॉवरला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. पूर्वी रात्री डॉक्टरांना फोन लावायला लोक चौकापर्यंत चालत जायचे. रेडिएशनवरही मला वाद घालायचा नाही. त्रास फक्त आवाजाचा आहे.

लाईट गेली की जनरेटर आपोआप सुरू होतो, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाईट हटकून रात्रीच जाते. मांडणीवरची स्टीलची ताटं झिणझिणत राहतात, म्हणून मी ताटांच्या मधे फडकं घालून ठेवते. समोरच्या वॉर्डात बाळंतिणी उकाड्यातही खिडक्या लावून घेतात, फटीत टॉवेल कोंबतात. माझी धाकटी जाऊ तिथेच बाळंत झाली. तिसऱ्या रात्री टाके ओले असताना ती बाळाला घेऊन जिन्याखाली बसून राहिली, कारण तिथे आवाज जरा कमी येत होता. तेव्हापासून मी याच्या मागे लागले आहे.

नगरपरिषदेत सांगितलं, जागा खासगी आहे, आमची परवानगी लागत नाही, नुसतं पत्र येतं. शोधलं तर ते खरं निघालं. 2022 साली राइट ऑफ वेच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारा-टॉवर उभारण्याच्या नियमांत बदल झाला. खासगी जागेवर टॉवर उभारायचा असेल तर लेखी सूचना आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला पुरेल, असं तेव्हा ठरलं. पोलीस चौकीत म्हणाले, आवाज मोजायचं यंत्र नाही. तिसऱ्या कार्यालयात माझ्याकडेच शांतता क्षेत्राची अधिसूचना मागितली. मला वाटत होतं, दवाखान्याभोवतीचे 100 मीटर आपोआपच शांतता क्षेत्र असतात. पण ऑगस्ट 2017 च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने खास जाहीर केल्याशिवाय ते धरत नाहीत.

ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 निवासी भागात मर्यादा 45 डेसिबल, शांतता क्षेत्रात 40. माझ्या खिडकीत रात्री दीड वाजता मोबाईलच्या ॲपवर 62 दिसले. ॲपचा आकडा पुरावा म्हणून चालणार नाही, याची कल्पना आहे.

आता गावाचा सुधारित विकास आराखडा प्रसिद्ध झालाय आणि हरकती-सूचना घेणं सुरू आहे. त्यात ही मागणी मांडता येईल का? म्हणजे दवाखाना-शाळेच्या परिसरात टॉवरची यंत्रं बसवायची तर आवाजबंद आवरण हवं, खिडक्यांपासून अंतर हवं, शक्य तिथे जनरेटरऐवजी बॅटरी हवी, अशा अटी. शांतता क्षेत्रासाठी वेगळा अर्ज करावा लागतो का? कुणी असा अर्ज केला असेल तर मजकूर कसा होता, तेवढं सांगा. हरकतीची मुदत संपायला बारा दिवस आहेत.

प्रतिसाद

ताई, हरकत नक्की द्या. ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम 3 चा पोटनियम 4 वाचा. नगररचनेचं काम करताना स्थानिक संस्थांनी ध्वनिप्रदूषणाचा विचार केलाच पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. हरकतीची सुरुवात त्यानेच करा. बोळाचा हाताने काढलेला नकाशा जोडा, वॉर्डाच्या खिडकीपासून जनरेटरपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

पण आराखड्यात नोंद झाली म्हणजे शांतता क्षेत्र झालं असं नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाकडे वेगळा अर्ज करा, सोबत प्रसूतिगृहाचं आणि शाळेचं पत्र लावा.

त्याची वाट बघत थांबू नका. आवाज मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने जास्त असेल तर नियम 7 खाली आजही तक्रार होते. निवासी भागात रात्री 55 झाले की पुरे. ही तक्रार चौकीत नको, पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्या. प्रदूषण नियंत्रण मंडळालाही रात्री मोजणी करण्याचं लेखी पत्र द्या. जनरेटरला आवरणापासून 1 मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा आहे. त्यावरची पाटी दिवसा बघा, आवरण उघडं किंवा गंजलेलं असेल तर फोटो काढा.

धागाकर्ती

खूप आभार. आत्ताच जाऊन बघून आले. आवरणाचं एक दार निखळलंय, तारेने बांधून ठेवलंय. फोटो काढला. उद्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरबाईंकडे पत्र मागायला जाते.