ताऱ्याला नाव दिल्याचं सर्टिफिकेट खरं असतं का?

सायली_के: बाबांना जाऊन वर्ष होईल आता. त्यांच्या नावाने एक तारा असावा म्हणून एका वेबसाईटवर पैसे भरले, सर्टिफिकेट आलं, नकाशा आला, त्यात एका ठिपक्याभोवती लाल गोल. काल एक मित्र म्हणाला की हे नाव कुठल्याच शास्त्रज्ञाला माहीत नसणार. खरंय का? मग नावं देतं तरी कोण?

नभांगण: वाईट वाटतंय सांगताना, पण मित्र बरोबर बोलला. हे काम आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ म्हणजे आयएयू करतो, १९१९ पासून आहे, आणि ते नाव विकत नाहीत. त्यांच्यामागे कुठला कायदा नाही बरं का, जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ऐकतात म्हणून चालतं. आधी काय गोंधळ होता बघा, १७८१ मध्ये इंग्लंडमधल्या हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाला नवा ग्रह सापडला, त्याने तिथल्या राजा जॉर्जचं नाव दिलं, ते बाकीच्या देशांना कसं पटणार, फ्रान्समध्ये काहीजण ग्रहालाच हर्शेल म्हणायचे, शेवटी बोडे या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने सुचवलेलं युरेनस टिकलं.

उल्का७: लघुग्रहांची पद्धत मला फार आवडते. आधी तात्पुरता नंबर, उदा. २००३ यूबी३१३, यातला यू म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. कक्षा पक्की झाली की कायमचा क्रमांक, मग शोधणाऱ्याला नाव सुचवायला १० वर्षं. १६ अक्षरांच्या आत, आणि राजकारणी किंवा लष्करी व्यक्ती असेल तर जाऊन १०० वर्षं झालेली हवीत. हा यूबी३१३ पुढे एरिस झाला, प्लूटोसारखा बटुग्रह. शुक्रावर तर जवळपास सगळी बायकांचीच नावं, तिथल्या एका विवराला आपल्या आनंदीबाई जोशींचं नाव आहे, पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता!

नभांगण: ताऱ्यांच्या नावांसाठी २०१६ मध्ये वेगळी समिती झाली, कारण फोमलहॉटसारख्या जुन्या नावांची स्पेलिंगं जो तो आपल्या मनाने लिहायचा. २०१९ मध्ये प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह दिला होता नाव सुचवायला, भारताचा तारा बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरींवरून, आणि ग्रह संतमस.
सायली, सर्टिफिकेटवर कोऑर्डिनेट्स म्हणजे ताऱ्याची आकाशातली जागा सांगणारे आकडे असतील ना, ते सिम्बाद या ताऱ्यांच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये टाक. नाव अधिकृत नसलं तरी तारा खरा असेल, त्याचा कॅटलॉग नंबर, म्हणजे ताऱ्यांच्या यादीतला क्रमांक, मिळेल.

सायली_के: टाकले, मिळाला! एचडीवाला (हेन्री ड्रेपर कॅटलॉगचा) नंबर आहे, मॅग्निट्यूड म्हणजे तेजस्विता ८ च्या आसपास. १० बाय ५० च्या बायनॉक्युलरने दिसेल का? आईलापण दाखवायचाय.

उल्का७: अंधाऱ्या जागी दिसेल. चांदणं नसेल अशी रात्र बघा, आणि बायनॉक्युलर ट्रायपॉडवर लावा, हातात हलतो.