मदत हवी आहे: हनाकापिआई धबधबा (कवाई, हवाई) – डिसेंबरात, आईबाबा आणि लेकीला घेऊन जमेल का?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही कवाईला जातोय. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि सध्या आमच्याकडे आलेले माझे आईबाबा. पाच जणांची पाच टोकं. सगळा आठवडा गाडीतून उतरा, फोटो काढा, गाडीत बसा असा जाऊ नये म्हणून एक दिवस तरी नीट पायी भटकायचं आहे, आणि डोक्यात हनाकापिआई धबधबा घुसलाय तो निघत नाहीये.

ज्यांना ठिकाण माहीत नाही त्यांच्यासाठी: कवाईच्या उत्तरेला रस्ता जिथे संपतो तिथे हाएना स्टेट पार्क आणि केए बीच आहे. तिथून नापालीच्या कड्यांवरून कलालाउ ट्रेल सुरू होतो. तो एकूण ११ मैलांचा, पण तेवढा करायचा विचार नाही. समुद्र उजव्या हाताला ठेवून पहिले २ मैल गेलं की हनाकापिआईचा किनारा येतो. तिथून समुद्राकडे पाठ करून ओढ्याच्या काठाने दरीत आणखी २ मैल आत शिरलं की साधारण ३०० फुटांचा धबधबा. आल्या वाटेनेच परत, म्हणजे एकूण ८ मैल, जवळपास १३ किलोमीटर. इथपर्यंत जायला कॅम्पिंगचं परमिट लागत नाही, हाएना पार्कचं आरक्षण पुरतं, असं वाचलंय. बरोबर आहे ना?

आता अडचणी. आई ६३ वर्षांची, पण अजूनही दर रविवारी सिंहगड चढते, तिची मला काळजी नाही. (तीच आम्हाला मागे टाकेल.) बाबांचा उजवा गुडघा चढताना गप्प असतो, उतरताना बोलायला लागतो. लेक चालते मस्त, पण पाणी दिसलं की तिला आवरणं कठीण, आणि इथे तर एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला धबधब्याखालचं कुंड आणि मध्ये ओढा! नवऱ्याचं म्हणणं की एवढं लांब जाऊन धबधबा न बघता परतायचं म्हणजे काय. माझं म्हणणं की आधी विचारून तर घेऊ.

तर विचारायचं असं की डिसेंबरात हा बेत करावा का? पाऊस असतो हे माहीत आहे, पण 'असतो' म्हणजे किती? पार्किंग घ्यावं की शटल? ओढ्यातून जाताना बूट काढायचे की तसंच जायचं? प्यायचं पाणी वाटेत कुठे मिळतं का? आणि बाबांना किनाऱ्यावर बसवून आम्ही पुढे धबधब्याला गेलो तर चालेल का?

प्रत्यक्ष गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. फोटो बघून बघून डोळे दुखायला लागले आहेत, त्यात चिखल दिसत नाही.

प्रतिसाद: ओलीचिंब

आरक्षणाचं आधी सांगते, कारण ते हुकलं तर बाकी चर्चा फुकट. तुम्ही हवाईचे रहिवासी नसाल तर आरक्षणाशिवाय आत सोडत नाहीत. दिवसाला ९०० माणसांची मर्यादा आहे. एप्रिल २०१८ च्या पुरात तो रस्ता जागोजागी खचला, वर्षभराहून जास्त काळ पार्क बंद होतं आणि जून २०१९ मध्ये उघडलं ते या नव्या नियमांसकट. आधी तिथे रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्यांची रांग लागायची, त्यामुळे मला तरी हा नियम आवडतो.

आरक्षण ३० दिवस आधी, हवाईच्या मध्यरात्री उघडतं. प्रवेश माणशी ५ डॉलर, पार्किंग गाडीमागे १० डॉलर, पण पार्किंग सकाळ, दुपार, संध्याकाळ असं तुकड्यांत विकतात. सकाळचा तुकडा साडेबाराला संपतो. धबधब्याला जाऊन त्या वेळेत परत येणं तुमच्या गोतावळ्याला शक्य नाही, म्हणजे लागोपाठचे दोन तुकडे हवेत, आणि ते डोळ्यांदेखत संपतात. म्हणून मी म्हणेन शटल घ्या. हनालेईजवळ वाइपाहून सुटते. पैसे जास्त जातात, पण परतायची घाई डोक्यावर राहत नाही. फक्त शेवटची बस कधीची आहे ते सकाळी उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा.

आणि हो, धबधब्यापर्यंत कॅम्पिंगचं परमिट नको. हनाकापिआईच्या पुढे कलालाउच्या दिशेने पाऊल टाकायचं असेल तर मात्र लागतं, दिवसाभरात परत येणार असलात तरी.

प्रतिसाद: डोंगरवेडा

ताई, अंतर विसरा. ८ मैल तुमची आई हसत करेल. या वाटेवरचा खरा प्रश्न एकच आहे: हनाकापिआईचा ओढा. किनाऱ्यावर पोचायच्या अगदी आधी तो ओलांडावा लागतो, आणि धबधब्याच्या वाटेवर पुन्हा पुन्हा आडवा येतो. चांगल्या दिवशी घोट्याच्या वर पाणी, दगडांवरून पाय टाकत पलीकडे. वाईट दिवशी तिथे माणसं मेली आहेत.

गोम अशी की पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नसते. दरी अरुंद, कडे उभे, वर ढग अडकलेला. किनाऱ्यावर ऊन असतं आणि वर कोसळत असतं. ते पाणी खाली यायला फार वेळ लागत नाही. एप्रिल २०१४ मध्ये असाच ओढा चढला आणि १२१ जण पलीकडे अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. २०१८ च्या त्या पुरात तर वाइपाला २४ तासांत ४९.६९ इंच पाऊस मोजला गेला, म्हणजे सव्वा मीटरच्या वर. अमेरिकेतला २४ तासांचा विक्रम आहे तो. तुमची शटल सुटते तेच वाइपा.

ओलांडायच्या आधी दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा. पाणी नितळ आहे, तळाचे दगड दिसताहेत, तर ठीक. चहाच्या रंगाकडे झुकलंय, पानं आणि काटक्या वाहून येताहेत, तर नाही. तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर बॅग उचला आणि मागे फिरा. काठावरचा एखादा दगड हेरून ठेवा, अर्धा बुडालेला. खाणंपिणं होईपर्यंत तो पूर्ण बुडाला तर उत्तर मिळालं. तुमच्यात सर्वांत बुटकी लेक, म्हणून मोजमाप तिच्या गुडघ्याचं, नवऱ्याच्या नाही. कधीकधी कोणीतरी दोर बांधून ठेवलेला असतो, त्याच्या भरवशावर उतरू नका. बॅगेचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर बॅग पाण्याखाली ओढणार नाही. बूट काढायचे नाहीत, भिजू द्यायचे. अनवाणी पायाने शेवाळलेल्या गोट्यांवर जाणं म्हणजे घोटा मुरगळायचं आमंत्रण.

पलीकडे गेल्यावर पाणी वाढलं तर? थांबायचं. पाणलोट छोटा आणि उताराचा असल्याने जसं चढतं तसं उतरतंही, बहुतेकदा काही तासांत. जीव जातात ते 'बस चुकेल' म्हणून घाईने पाण्यात उतरणाऱ्यांचे. तेव्हा एक जादा डबा, टॉर्च आणि प्रत्येकाला अंगावर चढवायला एक कोरडा कपडा बॅगेत हवाच. फोनला रेंज नसते, हेही धरून चाला.

प्रतिसाद: खडूस काका

डिसेंबरात, दहा वर्षांची पोर आणि दुखरा गुडघा घेऊन? जाऊ नका. उन्हाळ्यात या. विषय संपला.

प्रतिसाद: डोंगरवेडा

काका, उन्हाळ्यातही ओढा चढतो हो. डिसेंबरात शक्यता जास्त, इतकंच. बेत रद्द करण्यापेक्षा परत फिरायची तयारी ठेवून जाणं मला पटतं. मात्र राष्ट्रीय हवामान सेवेचा अचानक पुराचा इशारा त्या दिवसासाठी असेल तर तुमचंच ऐकावं. हनालेईचा पूलही नदी चढली की बंद होतो, मग गाडी घेऊन इकडचे इकडे, तिकडचे तिकडे.

प्रतिसाद: गुडघेवाली

माझाही गुडघा तुमच्या बाबांच्याच जातीचा, म्हणून लिहिते. ही वाट सपाट नाही. सुरुवातीलाच चढ आहे, मैलभर चढतच राहते आणि मग किनाऱ्यापर्यंत उतरते. म्हणजे परतताना पुन्हा तेच उलटं. सुरुवातीच्या भागात गोल गोल दगड बसवलेले आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेले. त्याच्या पुढे लाल माती. कोरडी असते तेव्हा छान, भिजली की साबण लावलेली फरशी. बाबांना दोन काठ्या घेऊन द्या, एक नाही.

पण गंमत अशी की सगळ्यात चांगला देखावा कष्टाच्या बराच आधी मिळतो. अर्ध्या मैलावर वळणावर उभं राहिलं की मागे केएचं प्रवाळाने अडवलेलं हिरवट पाणी आणि पुढे नापालीचे कडे एकामागे एक समुद्रात उतरलेले दिसतात. माझ्या मते बाबांनी तिथपर्यंत यावं आणि निवांत मागे फिरावं. खाली केएला स्वच्छतागृह आहे, जीवरक्षक आहेत, सावली आहे. त्यांना हनाकापिआईच्या किनाऱ्यावर एकटं बसवून पुढे जाऊ नका. ओढा चढला तर ते एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. शिवाय हिवाळ्यात लाटा तिथली वाळू ओढून नेतात, उरतात ते धोंडे. बसायचं कुठे?

बाबांना झाडापेडांची आवड असेल तर हाएनातच लिमाहुली उद्यान आहे. दगडी बांधांवरची अळूची खाचरं बघून ते नक्की खूश होतील. त्याचंही आरक्षण आधी करा.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. गुडघेवाली, बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. अळूची खाचरं म्हटल्यावर ते स्वतःच म्हणाले, "तुम्ही जा धबधब्याला, मी आपला बागेत." सुटलं एक!

आता लेकीचं. समुद्रात नाही, हे कळलं. पण धबधब्याखालच्या कुंडात डुंबू द्यावं का? आणि ओढ्याचं पाणी गाळणीच्या बाटलीतून प्यायलं तर?

प्रतिसाद: पांढरा कोट

हनाकापिआईच्या समुद्रात पाय भिजवण्यापुरतंही नको. तिथे जीवरक्षक नाहीत, लाटा अडवायला प्रवाळ नाही, आणि ओढ उघड्या समुद्राकडे जाते. बुडालेल्यांच्या खुणा मांडलेली पाटी तिथे उगाच लावलेली नव्हती.

कुंडाबद्दल: धबधब्याच्या कड्यावरून दगड सुटतात. पाण्याच्या धारेखाली उभं राहून फोटो काढायची हौस सगळ्यांना येते, नेमकी तीच जागा वाईट. लांबच्या काठाला, गुडघाभर पाण्यात, तेही लेकीच्या अंगावर ओरखडा किंवा उघडी जखम नसेल तरच. कारण लेप्टो. मुंबईच्या पावसाळ्यात जो ऐकतो तोच. हवाईच्या ओढ्यांत आणि कुंडांत तो आहे. डुकरं, उंदीर यांच्या मूत्रातून पाण्यात येतो आणि जखमेतून किंवा नाकातोंडातून शरीरात जातो. लक्षणं दिसायला दोन दिवस ते चार आठवडे लागू शकतात. परतल्यावर ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना 'हवाईच्या ओढ्यात उतरलो होतो' हे आधी सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

पिण्याचं म्हणाल तर वाटेत नळ नाही. घरून माणशी दोन लिटर तरी न्या. ओढ्याचं पाणी नुसत्या गाळणीवर सोडू नका, उकळा किंवा नीट निर्जंतुक करा. तुमच्या एका दिवसाला ते झंझट हवंच कशाला?

साप चावायची भीती मात्र मनातून काढून टाका. डास भरपूर.

प्रतिसाद: ओलीचिंब

एक राहिलं. धबधब्याकडची दरी म्हणजे नुसती 'मधली वाट' नाही. बांबूची दाट बनं आहेत, वारा आला की खडखडतात. जुने दगडी बांध आहेत, जिथे पूर्वी अळू पिकायचं. कॉफीच्या जुन्या गिरणीचं धुराडं आहे. पेरू पायाखाली पडलेले असतात, त्यावर घसरून पडणारेही बघितलेत. ओढा नाही म्हणाला तर निदान किनाऱ्यापर्यंतचे २ मैल होतातच.

आणि बूट धुऊन, कोरडे करून या, आणि परततानाही धुवा. तिथल्या ओहिया झाडांना मारणारी बुरशी चिखलातून पसरते.

प्रतिसाद: धागाकर्ती

ठरलं असं: २७ डिसेंबर, पहिली शटल. बाबा अर्ध्या मैलावरून मागे, नवरा त्यांच्याबरोबर. (धबधब्यासाठी भांडणाऱ्यालाच ही ड्यूटी दिली, आईचा निकाल.) मी, आई आणि लेक पुढे. ओढ्याशी आईचा शब्द शेवटचा. दुपारी बाराला जिथे असू तिथून परत, कारण डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत त्याच्या आधीच अंधारतं.

आरक्षण २७ नोव्हेंबरला उघडणार. हवाईची मध्यरात्र म्हणजे आमच्या कॅलिफोर्नियात पहाटेचे दोन. आईने गजर लावून ठेवलाय. पाच जणांची शटल एकाच व्यवहारात मिळते की दोनदा करावं लागतं, हे कोणाला माहीत असेल तर त्याआधी सांगा, प्लीज.