पर्सियसच्या कथेतला समुद्री राक्षस: क्राकेन की केटोस?

सागरगोटा (प्रश्न):
ग्रीक वीर पर्सियस आणि राजकन्या अँड्रोमेडा यांच्या कथेतल्या समुद्री राक्षसाला कुणी क्राकेन म्हणतं, कुणी केटोस. बरोबर कोणतं? ग्रीकांच्या लेखी तो म्हणजे नुसती समुद्राची भीती, की आणखी काही? आणि जुन्या भांड्यांवरच्या चित्रांत तो ओळखायचा कसा?

जुनी_खापरं:
क्राकेनचा ग्रीसशी काडीचा संबंध नाही. तो नॉर्वेकडच्या दंतकथांतला. १९८१ च्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स'ने त्याला पर्सियससमोर आणून उभा केला, तो अजून तिथेच ठाण मांडून आहे. ग्रीक कथेत आहे तो केटोस. देवमासा, शार्क, मोठा ट्यूना यांनाही ग्रीक केटोसच म्हणत, त्यामुळे जुन्या मजकुरात हा शब्द दिसला की दर वेळी राक्षसच असेल असं नाही.

अर्थ हवा असेल तर दोन कथा शेजारी ठेवून वाचा. पहिलीत राणी कॅसिओपिया समुद्रकन्या नेरीडांशी सौंदर्याची बरोबरी सांगते. समुद्रदेव पोसायडन चिडून पूर आणि केटोस पाठवतो, आणि तिची मुलगी अँड्रोमेडाला कड्याला बांधायची वेळ येते. पर्सियस केटोसला मारून तिला सोडवतो. दुसरी ट्रॉयची. पोसायडन आणि अपोलो राजा लाओमेडॉनची चाकरी करतात, शहराची तटबंदी उभी राहते, आणि राजा मजुरी बुडवतो. मग अपोलोकडून रोगाची साथ, पोसायडनकडून केटोस, आणि राजकन्या हेसिओनी किनाऱ्यावर. हेराक्लीस तिला सोडवतो, पण कबूल केलेले घोडे त्यालाही मिळत नाहीत. शेवटी तो ट्रॉयच लुटतो.

दोन्हीकडे राक्षस आपण होऊन येत नाही, त्याला धाडलेलं असतं. आगळीक केली राजाराणीने, हप्ता भरतात किनाऱ्यावरची माणसं आणि एक मुलगी. माझ्या मते केटोस म्हणजे पोसायडनचा वसुलीवाला. 'समुद्राची भीती' हे उत्तर चुकीचं नाही, पण ते कुठल्याही देशाच्या समुद्री राक्षसाला चालेल.

मातीचा_रांजण:
वसुलीवाला मान्य, पण तेवढ्यावर थांबू नका. हेच प्राणी नेरीडांची वाहनंही आहेत. ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलीस याची शस्त्रं घेऊन जाणाऱ्या नेरीड अशा जनावरांवर बसलेल्या दाखवतात, रोमन शवपेट्यांवर तर त्यांच्या रांगाच आहेत. गांधारच्या छोट्या दगडी तबकांवरही केटोसवर बसलेली नेरीड सापडते. जो फाडून खातो तोच पाठीवरही घेतो, म्हणून त्याला सरळ 'दुष्ट' म्हणणं मला पटत नाही.

ओळखायचं असेल तर आधी तोंड बघा: लांब मुस्कट, वर वळलेलं नाक, उभे कान, मानेवर काटेरी तुरा. मग पुढचे पाय, ते वल्ह्यांसारखे किंवा सिंहाच्या पंजांसारखे असतात. मागचं अंग सापासारखं वेटोळं, शेवटी माशाची दुभंगलेली शेपटी. पुढे घोड्याचे खूर असतील तर तो हिप्पोकॅम्प. कमरेपासून वर पुरुष असेल तर ट्रायटन. वर बाई आणि कमरेशी कुत्र्यांची तोंडं असतील तर स्किला.

घोटाळा होतो तो सर्वांत जुन्या चित्रांत, कारण तिथे नुसतं डोकंच काढलेलं असतं. बर्लिनमधल्या कोरिंथच्या भांड्यावर (इ.स.पू. सहावं शतक) डाव्या कडेला केटोसचं फक्त डोकं आहे आणि पर्सियस त्याला चक्क धोंडे मारतोय. शेजारी नावं लिहिलीत म्हणून बरं. बॉस्टनच्या भांड्यावर हेसिओनीसमोरचं डोकं तर कवटीसारखं पांढरं आहे. ते जीवाश्म पाहून काढलं असावं असा एक तर्क आहे, रंजक आहे, पण तर्कच.

सागरगोटा:
धोंडे? जिच्याकडे पाहिलं की दगड होतो त्या मेड्युसाचं कापलेलं डोकं दाखवून दगड केला ना त्याला?

जुनी_खापरं:
कुणाचं वाचता यावर आहे. रोमन कवी ओव्हिडकडे सगळं काम तलवारीचं. राक्षस पाण्यावर पडलेल्या पर्सियसच्या सावलीवरच धावून जातो, तेवढ्यात वरून उजव्या खांद्यात वार. पर्सियसच्या चपलांचे पंख भिजून जड होतात तेव्हा तो खडकावर उभा राहून राक्षसाच्या कुशीत भोसकतो. मेड्युसाचं डोकं नंतर येतं: ते समुद्रवनस्पतींवर ठेवलं आणि त्यांचं पोवळं झालं. ग्रीक लेखक लुशियनकडे मात्र एका हातात तलवार, दुसऱ्यात मेड्युसा. आणि जुना ग्रीक कवी हेसिओड वाचलात तर मेड्युसा ही समुद्रदेवता केटोचीच मुलगी निघते, म्हणजे पर्सियस त्या घराण्यावरच उठला होता म्हणायचं.

हाडांचाही किस्सा आहे. रोमन लेखक प्लिनी लिहितो की स्कॉरस या रोमन अधिकाऱ्याने जोप्पाहून, म्हणजे आजच्या याफाहून, 'अँड्रोमेडाच्या राक्षसाची' हाडं रोममध्ये आणून मांडली: लांबी ४० फूट, बरगड्या हिंदुस्थानी हत्तीहून उंच, कणा दीड फूट जाड. देवमाशाचा सांगाडा असावा.

उत्तरा_भाद्रपदा:
आकाशातही बघून घ्या, तिथे याच पात्रांच्या नावाचे तारकासमूह आहेत. आपल्याकडे अँड्रोमेडाला देवयानी, पर्सियसला ययाती, कॅसिओपियाला शर्मिष्ठा, सेफियसला वृषपर्वा म्हणतात. नाती जुळवायला जाऊ नका: तिकडे सेफियस-कॅसिओपिया नवरा-बायको, इकडे वृषपर्वा-शर्मिष्ठा बाप-लेक. राक्षस तेवढा 'तिमिंगल' झालाय.

नोव्हेंबरअखेर रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करा. भाद्रपदाच्या चार ताऱ्यांच्या मोठ्या चौकोनाची पूर्वेकडची बाजू खाली दुपटीहून थोडी जास्त वाढवली की डिफ्डा हा तिमिंगलातला सर्वांत ठळक तारा मिळतो. महाराष्ट्रातून तो क्षितिजापासून पन्नासेक अंशांवर असतो. मानेतला मीरा तारा सुमारे ३३२ दिवसांच्या चक्रात उजळतो आणि मंदावतो, आणि त्यातले बरेच महिने नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. तेव्हा नकाशात तारा आहे आणि आकाशात मान कोरी आहे, म्हणून जागा चुकली असं समजू नका.