कमी दर्जाच्या व्हिडिओतील ठोकळे आणि वळवळ घालवताना चेहरा धूसर होऊ नये, यासाठी काय करावे?

प्रश्न

माझ्या दिवंगत आजोबांनी सांगितलेल्या आठवणींचे ४० मिनिटांचे चित्रीकरण माझ्याकडे आहे. फाइल ६४० बाय ४८० पिक्सेलची असून एच.२६४ या व्हिडिओ कॉम्प्रेशनच्या पद्धतीने फारच आवळलेली आहे. मागच्या भिंतीवर चौकोनी ठोकळे दिसतात, चष्म्याच्या काड्यांभोवती सतत काहीतरी वळवळत असते आणि दर काही सेकंदांनी सगळे चित्र दचकल्यासारखे बदलते. एफएफएमपेग या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या साधनातील एचक्यूडीएन३डी हा दाणे कमी करणारा फिल्टर मी वाढत्या प्रमाणात लावून पाहिला. ठोकळे कमी झाले, पण कपाळावरच्या सुरकुत्याही पुसल्या गेल्या आणि चेहरा मेणाचा वाटू लागला. दोष जातील, पण चेहरा आहे तसाच राहील, असा मार्ग आहे का?

प्रतिसाद १

या तीन दोषांची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून एकाच फिल्टरची मात्रा वाढवत नेण्यात अर्थ नाही. व्हिडिओ आवळताना चित्राचे लहान चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातील बारीक तपशिलांचे आकडे ढोबळ केले जातात. शेजारचे दोन चौकोन त्यामुळे एकमेकांशी जुळेनासे झाले की त्यांच्यामधला सांधा डोळ्यांना दिसतो आणि ठोकळे जाणवतात. चौकोनातून ठळक कड जात असेल, तर ती रेखण्यासाठी लागणाऱ्या लहरींपैकी काही गळतात आणि उरलेल्या कडेच्या आजूबाजूला उमटतात. चष्म्याभोवतीची वळवळ ती हीच. दचका मात्र की-फ्रेममुळे (अधूनमधून येणाऱ्या स्वयंपूर्ण फ्रेममुळे) बसतो, कारण मधल्या फ्रेम आधीच्या फ्रेमवरून बेतलेल्या असतात, त्यांच्यातील चुका पुढे पुढे वाहत जातात आणि नवी स्वयंपूर्ण फ्रेम आली की सगळे एकदम बदलते.

एक गोष्ट मला खटकते. सांधे मऊ करण्याची सोय एच.२६४ मध्ये मुळातच असते. तरीही ठोकळे इतके स्पष्ट असतील, तर ते बहुधा आधीच्या एखाद्या कॉम्प्रेशनमधून आलेले आहेत. कोणताही फिल्टर लावण्यापूर्वी कॅमेऱ्यातली मूळ फाइल शोधा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्नकर्ता

तुमचा अंदाज बरोबर निघाला. जुन्या हार्ड डिस्कवर कॅमेऱ्यातली मोशन जेपेग पद्धतीची एव्हीआय फाइल सापडली. ती आकाराने कितीतरी मोठी आहे. तिच्यात दचके नाहीत आणि ठोकळे फिकट आहेत, पण दाणे (चित्रभर थरथरणारे बारीक ठिपके) जास्त दिसतात. तरी तीच घ्यावी का?

प्रतिसाद २

निःसंशय तीच घ्या. मोशन जेपेगमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे आवळलेली असते, त्यामुळे एका फ्रेममधली चूक पुढच्या फ्रेममध्ये जशीच्या तशी नकलली जात नाही. दाणे दर फ्रेमला बदलतात, सुरकुती मात्र जागेवर राहते, आणि या फरकाच्या आधारे दोन्ही वेगळे करता येतात. एचक्यूडीएन३डी एकाच फ्रेममधल्या शेजारच्या पिक्सेलांचीही सरासरी काढतो आणि हालचालीचा माग घेत नाही, म्हणून तुमच्या हाती मेणाचा चेहरा आला.

व्हेपरसिंथ या स्क्रिप्ट लिहून व्हिडिओवर प्रक्रिया करण्याच्या साधनातील एमव्हीटूल्स हा हालचालीचा माग घेणारा संच वापरा. त्यातील डीग्रेन२ आधीच्या २ आणि नंतरच्या २ फ्रेममधील तोच भाग हालचालीनुसार जुळवून घेतो आणि मग सरासरी काढतो. दाणे पूर्णपणे यादृच्छिक असतील, तर ५ फ्रेमच्या सरासरीने ते निम्म्याहूनही कमी होतात. ओठ किंवा हात वेगाने हलताना जुळणी जमली नाही, तर तो भाग जवळपास तसाच सोडला जातो; तिथे थोडे दाणे राहिले तरी चालतील, कारण हलत्या भागातले दाणे डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत. रंगांच्या थरावर (तो उजेडाच्या थरापासून वेगळा साठवलेला असतो) मात्रा अधिक ठेवा. रंगातला तपशील डोळे कमी टिपतात, त्यामुळे चित्राची धार जात नाही.

डीब्लॉक हा ठोकळ्यांचे सांधे मऊ करणारा फिल्टर या सगळ्याच्या आधी, सौम्य प्रमाणात लावा. जेपेगचे चौकोन ८ बाय ८ पिक्सेलचे असतात आणि फिल्टर नेमक्या त्या सांध्यांवर काम करतो. आधी चित्र मोठे केले किंवा कडा कापल्या, तर सांध्यांची जागा सरकते आणि फिल्टर भलत्याच ठिकाणी चालतो.

प्रतिसाद ३

वरच्या उत्तरात भर घालतो. दाणे गेले की भिंतीवर रंगछटांचे पट्टे उठतील, कारण ८ बिटमध्ये उजेड आणि रंगांच्या प्रत्येक घटकाला जास्तीत जास्त २५६ पायऱ्या मिळतात आणि आतापर्यंत दाण्यांनीच त्या झाकल्या होत्या. म्हणून सगळी प्रक्रिया १६ बिटमध्ये करा, पट्टे घालवणारा डीबँडचा फिल्टर मास्क (फिल्टर कुठे चालावा हे ठरवणारा आराखडा) वापरून फक्त सपाट भागावर लावा आणि शेवटी किंचित बारीक दाणा पुन्हा मिसळा. अंतिम फाइल एक्स२६४ या एच.२६४ एन्कोडरने करताना सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा; तो जितका लहान तितका दर्जा चांगला) १६ ते १८ ठेवा आणि ग्रेन हे ट्यूनिंग निवडा, नाहीतर एन्कोडर तोच दाणा पुसून भिंतीवर नवे ठोकळे आणील.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने कोणीतरी सुचवतीलच. ती चेहरा लखलखीत करतात हे खरे, पण गळून गेलेला तपशील ती इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाने भरतात. निसर्गदृश्यासाठी मी ती वापरीन, तुमच्या आजोबांच्या कपाळासाठी नाही.

आधी चेहरा, हलते हात आणि मोकळी भिंत हे तिन्ही असलेला एखादा मिनिटाचा तुकडा काढून त्यावर मात्रा ठरवा. तुलना थांबवलेल्या फ्रेमवर करू नका, चालत्या चित्रावरच करा. वळवळ थांबलेल्या चित्रात दिसत नाही.